ज्याची त्याची पाळी

"वेळ झाली, मॅडम," असं म्हणून तिनं भिंतीवरचं बटण दाबलं आणि अंधाऱ्या खोलीत लख्ख उजेड पडला.

तिच्या नणंदेनं डोळे मिचकावले, पण हात हलवला नाही. टेबलावर माकडीण गुंगीत पडली होती. तिच्या पोटावरचे केस भादरलेले होते, त्यावर जेलचा थर होता आणि त्या थरावर नणंदेनं सोनोग्राफीचा दांडा एका जागी टेकवून धरला होता. उजेडामुळे पडद्यावरचं चित्र फिकं पडलं होतं, तरी करड्या धुरकटात एक काळा गोल स्पष्ट दिसत होता.

"बघितलास?" नणंद म्हणाली.

तिनं बघितला होता. दाराच्या काचेतून मघाशीच बघितला होता. पण नणंद 'बघितलास' म्हणाली, 'बघितलात' नाही, हे तिच्या आधी लक्षात आलं. संस्थेत दोघी एकमेकींना मॅडम म्हणत आणि अहो-जाहो करत. घरी ही ताई आणि ती नुसती 'अगं'. घरचं 'तू' संस्थेत आलं की मागोमाग काहीतरी मागणं येणार, हे तिला अनुभवानं ठाऊक होतं.

"उद्या हा पुरता पिकेल," नणंद म्हणाली. "सकाळी एकदा मोजला की लगेच इंजेक्शन द्यायचं आणि परवा बीज काढून घ्यायचं. उद्या सकाळी मला यंत्र हवं."

"उद्याची पहिली पाळी साहेबांची आहे."

"राखीवांची?"

त्या नावावर ती हसली नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या गटप्रमुखांना सगळी संस्था पाठीमागे 'राखीव' म्हणायची. आठवड्यातल्या जमतील तितक्या पाळ्या ते आधीच अडवून ठेवत आणि मनाला येईल तेव्हा उगवत. तिला स्वतःला लोक 'कुलूपबाई' म्हणतात, हेही तिला माहीत होतं. तेही तिनं कधी मनावर घेतलं नव्हतं. निदान तसं दाखवलं तरी नव्हतं.

"त्यांच्या आधी घेते."

"त्यांच्या आधी खोली साफ होते."

"मग त्यांच्यानंतर."

"नंतर पलीकडच्या इमारतीतल्या दोघी आहेत. त्यांच्यानंतर कंपनीचा माणूस यंत्र उघडून बसणार आहे. दुपारपर्यंत तरी नाही."

"दुपारी उशीर होईल गं, बीज सुटून जाईल." नणंदेनं अखेर हात उचलला. पडद्यावरचा गोल विस्कटून नाहीसा झाला. "मी विचारलं त्यांना. म्हणाले, केंद्रप्रमुखांनी सांगितलं तर सोडतो. तू फक्त एक शब्द टाक."

"मी एकासाठी शब्द टाकला की उद्या सगळे गट माझ्या दारात उभे राहतील, मॅडम."

नणंदेनं कापसानं माकडिणीचं पोट पुसायला घेतलं, तान्ह्या पोराचं पुसावं तसं, हलक्या हातानं. "बरं," ती म्हणाली. "मग मामांना सांगते, उद्या ठमीला सकाळचं खाणं द्या म्हणून. उगाच उपाशी कशाला ठेवायची."

माकडिणीचं खरं नाव म्हणजे एक क्रमांक होता. ठमी हे प्राणिगृहातल्या मामांनी ठेवलेलं. तिच्या अंडाशयाचा एक तुकडा काढून कितीतरी दिवस गोठवून ठेवला होता आणि मग तो तिच्याच पोटात परत बसवला होता. कर्करोगाचे जालीम उपचार सुरू होण्याआधी लहान मुलींच्या अंडाशयाचे असे तुकडे काढून ठेवतात. परत बसवल्यावर ते किती टिकतात, त्यातून येणारं बीज कितपत धड असतं, याचा शोध हे नणंदेचं काम होतं. चार माकडिणींपैकी तिघींच्या तुकड्यांनी मान टाकली होती. चौथीच्या पोटात, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, आत बीज धरून असलेला हा काळा गोल उगवला होता.

हे तिला नीट माहीत होतं. कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. रक्तातली संप्रेरकं मोजायचं कामही तिच्याच केंद्रात होई, आणि ठमीचे आकडे आठवडाभर कसे चढत होते ते तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

पूर्वी या संस्थेत प्रत्येक गटाची वेगळी चूल होती. स्वतःचं यंत्र, स्वतःचा फ्रीझर आणि स्वतःचं रडगाणं. मग वरून हुकूम आला की सगळं एकत्र करा. सोनोग्राफी, संप्रेरकांची तपासणी, बीजं आणि गर्भ गोठवायची सोय, सगळं तळमजल्यावर आलं आणि त्यावर प्रमुख म्हणून ती आली. रुजू झाली त्या सकाळी तिनं दारावरच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात 'आजच्या पाळ्या' असं लिहिलं, तेव्हा अख्खी संस्था पोट धरून हसली, कारण तिथे वरच्या मजल्यांवरही रात्रंदिवस त्याच विषयावर काम चाले. तीही हसली होती. तो तिथला तिचा एकच हसण्याचा दिवस असावा. त्याच दुपारी ती हात धुवायला गेली आणि आडोशाला दोघांचं बोलणं कानावर पडलं.

"भावाच्या बायकोला आणून बसवलं बाईंनी."

"आता काय, घरचंच यंत्र."

तिनं ओले हात तसेच पदराला पुसले आणि बाहेर न येता तिथेच उभी राहिली, ते दोघं निघून जाईपर्यंत. त्यानंतर नणंदेच्या गटाला कधी जास्तीची वेळ मिळाली नाही. उलट दोन गटांची मागणी एकाच वेळेवर आली की मागे सरकायचं ते नणंदेनं, हे न बोलता ठरून गेलं. नणंदेचा एक विद्यार्थी एकदा वैतागून म्हणालासुद्धा, "आमचं म्हणजे घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं." तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. लोक तिला कडक म्हणू लागले. कडक चालेल, तिला वाटे. वशिल्याची नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली पुसून झाली. यंत्र सुरू करून ठेवलं. नवीन चादर अंथरली, जेलची बाटली कोमट पाण्यात ठेवली. आणि राखीव आले नाहीत.

ती आधी आपल्या टेबलाशी बसली, मग उठून दारात आली, मग परत बसली. संप्रेरकांच्या यंत्रात कागद अडकला होता. तो ओढताना अर्धा फाटून हातात आला आणि उरलेला आत राहिला. दुसऱ्या मजल्यावरून फोन आला, आमचे नमुने कधी होणार. तिनं उत्तर दिलं ते तिच्या स्वतःच्याही कानाला लागलं. शेवटी तिनं राखीवांना फोन लावला.

"आज जरा अवघड दिसतंय हो," ते निवांत आवाजात म्हणाले. मागे कपबशीचा आवाज येत होता. "पण पाळी राहू द्या तशीच. आलो तर आलो."

"आलो तर आलो म्हणजे काय, सर? येणार की नाही?"

"असं काय करता मॅडम? पाळी माझीच आहे ना?"

फोन ठेवल्याबरोबर तिनं प्राणिगृहात लावला. मामांनी उचलला.

"मामा, ठमीला लगेच आणता येईल का?"

"आता कशी आणू? पोटभर खाऊन बसलीय. आत्ताच सफरचंद दिलं. मॅडम म्हणाल्या होत्या, आज काही नाही म्हणून."

भरल्या पोटी गुंगीचं औषध देता येत नाही. खाल्लेलं वर येऊन श्वासनळीत जायची भीती असते. हा नियम तिनं केलेला नव्हता, त्यामुळे तो वाकवायचा की नाही हा प्रश्नच नव्हता. तिनं फोन ठेवला. खोलीत यंत्र नुसतं गुरगुरत होतं आणि पडद्यावर काहीच नव्हतं.

थोड्या वेळानं काचेच्या दारापलीकडे नणंद येऊन उभी राहिली. आत न येता तिनं रिकामं टेबल पाहिलं, कोरी चादर पाहिली.

"आले नाहीत?"

"नाही."

"ठमीनं खाल्लंय."

"हो. विचारलं मी."

नणंदेनं मान हलवली. काही म्हणेल, निदान दार तरी जोरात लोटेल, असं तिला वाटलं. पण दार उघडलंच नव्हतं तर लोटणार काय. नणंद आली तशी जिन्याकडे निघून गेली.

त्याच्या पुढच्या दिवशी नणंदेची पाळी होती. ठमीला आणलं, निजवलं, दांडा टेकवला. काळा गोल नव्हता. त्या जागी एक चुरगळलेली सावली होती आणि बाजूला थोडं पाणी साठल्यासारखं दिसत होतं. नणंदेनं तीन-चार बाजूंनी पाहिलं. मग रक्त काढून नळी केंद्राच्या खिडकीत ठेवली, सगळे ठेवतात तशी.

तो नमुना तिनं दुसऱ्या कुणाला लावू दिला नाही. आकडा आला तेव्हा तो तिला आधीपासून माहीत असल्यासारखा वाटला. बीज सुटून गेल्यावर जे संप्रेरक चढतं ते चढायला लागलं होतं. बीज सुटलं होतं आणि पोटात कुठेतरी विरून गेलं होतं. तिनं अहवाल पाठवला. लगेच उत्तर आलं, 'मिळाला. आभारी आहे.'

त्या 'आभारी आहे'नं तिचं डोकं फिरलं. आदल्या दिवशी यंत्र उघडून गेलेल्या कंपनीच्या माणसाला तिनं परत बोलावलं आणि एका सैल स्क्रूवरून इतकं फैलावर घेतलं, की तो बिचारा चहाही न घेता गेला. घरी नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही." नवऱ्यानं पुन्हा विचारलं नाही, त्याचाही तिला राग आला.

रविवारी सगळे सासूबाईंकडे जमले. नेहमीप्रमाणे जेवणं झाली. नेहमीप्रमाणे नणंद भाच्याशी खेळली, भावाच्या टकलावर बोलली, आईच्या गुडघ्याला औषध चोळलं. तिच्याशीही बोलली. मीठ दे, झाकण कुठाय, एवढंच, पण चांगलं बोलली. ती जेवताना सारखी वाट बघत होती.

"काय गं, एका छपराखाली काम करता आणि घरी आलात की दोघी मुक्या," सासूबाई म्हणाल्या.

"तिकडे बोलून सगळं संपतं त्यांचं," तिचा नवरा म्हणाला आणि स्वतःच हसला.

भांडी घासायला दोघीच आत गेल्या. ती घासत होती, नणंद पुसून फडताळात लावत होती. बाहेर टीव्ही मोठ्यानं लागला होता.

"ताई, काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"ठमीचं. माझ्यामुळे गेलं ते."

"तुझ्यामुळे कसं? पाळी त्यांची होती."

"असं नका बोलू. त्यापेक्षा एकदा ओरडा माझ्यावर." तिचा आवाज चिरकला. तिनं तो खाली आणला. "एक शब्द टाकला असता तर झालं असतं. मला काय कळत नाही? पण लोक काय म्हणतात ते तुम्हाला माहितीय. पहिल्या दिवसापासून ऐकतेय मी. तुम्ही मला तिथे चिकटवलंत म्हणतात."

"मी?" नणंदेनं हातातलं ताट खाली ठेवलं. "मी तर नको म्हटलं होतं."

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"नात्यातली म्हणून निवडीला मी बसलेच नव्हते," नणंद म्हणाली. "पण संचालकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, कशी आहे तुमची वहिनी. मी म्हटलं, कामाला वाघ आहे, पण घेऊ नका."

"घेऊ नका?"

"हो."

"का?"

"मला यंत्र मिळणार नाही म्हणून." नणंदेनं फडक्यानं हात पुसले. "लग्न होऊन आलीस त्याच आठवड्यात आपण पत्ते खेळत होतो. आईनं चुकून टाकलेलं पान परत मागितलं आणि तू दिलं नाहीस. नवी सून, आणि सासूला पान परत देत नाही! मी तेव्हाच ओळखलं. तरी त्यांनी घेतलं तुला. बाकी कुणी तुझ्याइतकं चांगलं नव्हतंच म्हणे."

ती हातातलं पातेलं घासत राहिली. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं. तीन वर्षांत नाकारलेली एकेक पाळी तिला आठवत होती. सणसणीत ताप असताना नणंद आली होती आणि तिनं वेळ बदलून दिली नव्हती. परदेशातून पाहुणे आले होते तेव्हाही दिली नव्हती.

"मग इतके दिवस मी कुठला ठपका पुसत होते?" तिनं विचारलं.

"पुसत होतीस?" नणंदेला खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "मला वाटलं, तुझा स्वभावच तसा आहे."

यावर हसावं की पातेलं आदळावं हे तिला ठरवता येईना. सुटल्यासारखं मुळीच वाटत नव्हतं. राग होता, भरपूर होता, पण तो कुणाच्या नावावर टाकायचा ते कळत नव्हतं. दोघा न पाहिलेल्या माणसांच्या, संचालकांच्या, की समोर शांतपणे ताटं लावणाऱ्या या बाईच्या?

"आता ठमीचं काय?" शेवटी तिनं विचारलं.

"आता वाट बघायची. त्या एवढ्याशा तुकड्यात काय शिल्लक आहे कुणाला ठाऊक. एखादं बीज असेल, नसेलही." नणंदेनं फडताळाचं दार लावलं. "पाणी बंद कर, अगं, फुकट चाललंय."

महिन्याच्या बैठकीत तिनं नवा नियम मांडला. पाळी सुरू झाल्यावर पाव तासात जो येणार नाही त्याची पाळी गेली. खोली रिकामी राहिली की सगळ्या गटांना निरोप जाईल, जो आधी पोचेल त्याची. आणि ज्या प्राण्याला तपासायची गरज पडू शकते त्याला सकाळचं खाणं थोडं उशिरा द्यायचं. या शेवटच्या कलमाला प्राण्यांच्या डॉक्टरांनी मान डोलावली. राखीवांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "अचानक बरं सुचलं." नणंद खिडकीबाहेर बघत होती.

ठमीच्या पोटात पुढे काही उगवलं नाही. नणंद तिच्या पाळीला यायची, पडदा बघायची आणि वेळ संपायच्या आधीच यंत्र मोकळं करून जायची. रिकाम्या खोलीचा निरोप गेला तरी ती धावत येत नसे. धावत यायचं ते पलीकडच्या इमारतीतल्या दोघींनी. त्या गर्भाला पोसणाऱ्या वारेवर काम करायच्या, त्यांच्याकडे चार माकडिणी गाभण होत्या आणि त्यांना कितीही वेळ दिला तरी कमीच पडायचा.

एका सकाळी राखीव आले तेव्हा खोलीत दिवा मालवलेला होता आणि दारावर आत काम चालू असल्याची पाटी होती. मागे त्यांचे दोन विद्यार्थी पिंजऱ्याची गाडी ढकलत येत होते.

"हे काय? माझी पाळी आहे."

"होती, सर. पाव तास होऊन गेला. खोली दुसऱ्यांना दिली."

"गाडीचं चाक अडकलं होतं आमच्या."

राखीवांनी आधी बंद दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग ते मोठ्यानं बोलले, नुसतं तिला ऐकू जाण्यासाठी लागेल त्याहून बऱ्याच मोठ्यानं.

"म्हणजे नणंदेसाठी नियम बदललात म्हणा की सरळ."

जिन्यावरून उतरणारे दोघं मधल्या पायरीवर थांबले. पाण्याच्या यंत्राशी एक मुलगी बाटली भरत होती, ती तशीच वाकून राहिली.

दाराआड पलीकडच्या इमारतीतल्या दोघी होत्या. एकीचं बारीक हसू बाहेर ऐकू येत होतं, बहुधा पिल्लाचं हृदय दिसलं असावं. ठमी यावेळी प्राणिगृहात सकाळचं खात बसली असणार आणि नणंद तर आज संस्थेत आलीच नव्हती. आत नणंद नाही हे दाखवायला दार जरासं ढकललं असतं तरी पुरलं असतं.

"हो," ती म्हणाली.

राखीव दुसऱ्याच कशाच्या तरी तयारीनं उभे होते.

"हो?"

"हो. तुमची पुढची पाळी गुरुवारी आहे, सर. जरा लवकर निघा."

ती वळली आणि आपल्या टेबलाकडे गेली. तिथे दुसऱ्या मजल्याचे नमुने खोळंबले होते. मागे बाटली भरून पाणी फरशीवर सांडायला लागलं, आणि त्या मुलीच्या तोंडून "अगं बाई" निघालं तेव्हा कुठे सगळे हलले.